पट्ट्याने कणा ताठ होत नाही : नीरेकाठच्या वाकलेल्या पाठींचा इतिहास

धागा 🧵

१/
खांद्यांवरून काखेत उतरणारे दोन पट्टे, पाठीवर एक जाड आडवी पट्टी, पोटावर चिकटवायचा बंद. ‘पोक जाईल, छाती पुढे येईल, उंची वाढल्यासारखी दिसेल.’ ही जाहिरात ज्याच्या मोबाईलवर आली नाही असा तरुण विरळा. तिच्या जोडीला इतिहासाचाही आधार दिला जातो : पूर्वज ताठ कण्याचे होते, मोबाईलने ही पिढी वाकवली, पट्टा बांधला की कणा पूर्ववत होईल. विधाने तीन आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. पहिल्या दोहोंत फक्त इतिहास बिघडतो, तिसऱ्यात खिसाही रिकामा होतो.

२/
तपासणीसाठी फार दूर जायला नको. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यात निरवांगी हे गाव आहे. नीरा ही या तालुक्याची दक्षिण सीमा. कालव्याचे पाणी, ऊस, वालचंदनगर आणि भवानीनगर ही कारखान्यांची गावे, असा हा मुलूख. येथे पाठ वाकण्याच्या दोन जागा ठळक दिसतात : उसाचा फड, आणि इंदापूर-बारामतीच्या स्पर्धापरीक्षा अभ्यासिकांतील टेबल. पट्ट्याची जाहिरात दुसऱ्या जागेपर्यंत पोहोचते. पहिल्या जागेशी तिला काही देणेघेणे नाही, आणि सगळा घोळ तेथूनच सुरू होतो.

३/
आधी हे स्पष्ट असावे की जाहिरातीला भुलणारा मुलगा मूर्ख नसतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला आकडे तोंडपाठ असतात : उंची १६५ सें.मी., छाती न फुगवता ७९ सें.मी., फुगवल्यावर किमान ५ सें.मी. अधिक. अशा मुलाच्या कानावर ‘छाती पुढे येईल’ हे शब्द पडले की त्याला आरशातले रूप दिसत नाही, नोकरी दिसते. भरतीच्या मैदानावरील फितीला मात्र खांदे मागे ओढणाऱ्या पट्ट्याशी कर्तव्य नसते. छातीचा फुगवटा हा श्वासाचा, फुप्फुसांचा आणि बरगड्यांच्या हालचालीचा विषय आहे. तो धावण्याने आणि व्यायामाने साधतो. पट्टा तर बरगड्यांभोवती आवळलेला असतो.

४/
आता पहिले विधान : पूर्वज ताठ होते. पुरावा म्हणून चित्रे पुढे केली जातात. घोड्यावरचे सरदार, तक्क्याला टेकलेले पेशवे, ढालतलवार घेतलेले वीर. पण चित्र कोणाचे काढले जाई? ज्याला चित्रकार परवडे त्याचे. दरबारात ताठ असणे हा मानाचा भाग होता आणि लवणे हा चाकरीचा. चित्रातील ताठ कणा पदाची नोंद करतो. त्यावरून शरीरशास्त्र काढायचे तर बादशाही लघुचित्रांवरून हिंदुस्थानातील सर्व माणसे एकाच अंगाने दिसत असत, असाही निष्कर्ष काढता येईल.

५/
इंदापूर म्हटले की मालोजीराजे आठवतात, गढी आठवते. आठवावीच. मात्र त्याच गढीच्या आसपासच्या रानात ओणव्याने खुरपणाऱ्या कुणबिणीचे चित्र कोणी काढले नाही, म्हणून तिची पाठ सरळ होती असे ठरत नाही.

६/
तिची साक्ष भाषेत सापडते. पोक, कुबड, बाक, ओणवे, कंबर धरणे, कंबर मोडणे, कमरेचा काटा ढिला होणे. ही शब्दसंपत्ती मोबाईलने दिलेली नाही. ‘कुबड’ हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात एकोणिसाव्या शतकातच नोंदला गेला आहे. ज्या समाजात सगळे ताठ चालतात त्या समाजाला वाकण्यासाठी इतके शब्द लागत नाहीत.

७/
शिवाय जुन्या काळच्या कित्येक कुबडांमागे सवय नव्हती, रोग होता. मणक्याला क्षय झाला की मणके खचतात आणि पाठीवर टोकदार उंचवटा येतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला आजही पॉटचा रोग म्हणतात. क्षयावर औषध आले विसाव्या शतकाच्या मध्यावर. तोवर गावोगावी अशी माणसे असत, आणि गाव त्यांना त्यांच्या कुबडावरूनच हाक मारी. ताठ पूर्वजांच्या कथेत त्यांना जागा नाही.

८/
रोग बाजूला ठेवला तरी इंदापूरच्या रयतेच्या पाठीवर काय होते याची सरकारी कागदपत्रे आहेत. इतिहासप्रेमींनी हा तालुका केवळ गढीसाठी ओळखू नये. रॉबर्ट कीथ प्रिंगल याने दख्खनची जी पहिली शास्त्रीय म्हणवणारी जमीनमोजणी केली, तिची आकारणी १८३० साली येथे लागू झाली. सारा इतका जड निघाला की शेते ओस पडली, माणसे परागंदा झाली. त्या आकारणीच्या वसुलीत वैध-अवैध सर्व मार्ग वापरले गेले आणि रयतेचा छळ झाला, अशी कबुली पुढे मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासकीय अहवालात आली. अखेर गोल्डस्मिड आणि विंगेट यांना पुन्हा मोजणी करावी लागली आणि १८३६ साली याच इंदापुरात तीस वर्षांचा नवा बंदोबस्त सुरू झाला. मुंबई इलाख्यातील रयतवारीचा पुढचा नमुना तोच.

९/
मग १८७६ चा दुष्काळ. बारामती-इंदापूर हिरवे करणारा नीरा डावा कालवा त्या वेळी दुष्काळी काम म्हणून हाती घेतला गेला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. दुष्काळी कामावर पुरुष खणत, बायका-मुले पाट्या वाहत. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल याने मजुराची शिधा-मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोख इतकी खाली आणली. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. दिवसभर वाकून खणायचे, वर डोक्यावर माती, आणि पोटात जेमतेम अर्धा किलो धान्य. आज ज्या पाण्यावर ऊस उभा आहे ते पाणी अशा पाठींनी आणले.

१०/
म्हणजे पाठ वाकते ती कामाने, ओझ्याने, उपासमारीने, रोगाने आणि वयाने. हे इतके उघड असताना दोष माणसाच्या शिस्तीला का दिला जातो? याचे उत्तर दुसऱ्या विधानाच्या इतिहासात आहे. ‘ही पिढी वाकली’ हे वाक्य किमान पावणेतीनशे वर्षांचे आहे, आणि ते बहुतेक वेळा काहीतरी विकण्याच्या बेतात उच्चारले गेले आहे.

११/
१७४१ साली पॅरिसमध्ये निकोला आंद्री या वैद्याने मुलांच्या शरीराची वाकडी वाढ कशी टाळावी यावर ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी एक शब्द घडवला : ‘ऑर्थोपेडी’. ग्रीकमधील ‘सरळ’ आणि ‘मूल’ हे दोन शब्द जोडून. त्यातील एक चित्र जगभर गेले : वाकडे रोप, शेजारी रोवलेला सरळ खुंट, आणि दोघांना बांधणारी दोरी. आजही कित्येक अस्थिरोग संघटनांच्या बोधचिन्हावर ते आहे. पाठीच्या पट्ट्याची सगळी कल्पना त्या चित्रात आली : वाकडे ते रोप, सरळ तो खुंट, मधली दोरी म्हणजे उपचार.

१२/
गंमत अशी की त्याच आंद्रीने मुलांच्या खुर्च्यांबद्दलही लिहिले आहे. बैठक मध्ये खोलगट असली की मूल पाठ वाकवूनच बसते, म्हणून ती सपाट हवी, हे त्याला दिसत होते. पुढच्या जगाने दोरी उचलली आणि खुर्ची विसरली. खुर्ची बदलायची तर शाळेला खर्च करावा लागतो. दोरी मुलाला बांधता येते.

१३/
एकोणिसाव्या शतकात लाइपझिगचा डॉक्टर मोरिट्झ श्रेबर याने दोरीच्या जागी लोखंड आणले. अभ्यासाच्या मेजाला आडवी सळई बसवायची, ती मुलाच्या छातीसमोर येते. मूल पुढे झुकले की ती टोचते. झोपेत सरळ राहण्यासाठी वेगळे पट्टे, मान ताठ ठेवण्यासाठी वेगळे. ही साधने त्याने स्वतःच्या मुलांवर वापरली. त्याचा मुलगा डॅनिएल पाउल पुढे न्यायाधीश झाला आणि गंभीर मनोविकाराने दीर्घकाळ रुग्णालयात राहिला. छाती आवळली जात असल्याच्या आपल्या भासांबद्दल त्याने १९०३ साली आत्मवृत्त लिहिले, आणि फ्रॉइडने त्यावर १९११ साली निबंध. बापाच्या सळईमुळे मुलाचे मन बिघडले असे ठामपणे म्हणता येत नाही. अभ्यासकांत तो वाद आहे. सळईने कोणा मुलाचा कणा कायमचा ताठ झाला, असेही कोणी दाखवलेले नाही. जर्मनीत श्रेबरचे नाव आज उरले आहे ते शहराकडेच्या छोट्या बागांना.

१४/
अमेरिकेची तऱ्हा आणखी बोलकी. १९१४ साली तेथे ‘अमेरिकन पोश्चर लीग’ स्थापन झाली. १९१७ च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांची तपासणी झाली आणि सुमारे ८० टक्के मुलांची ठेवण सदोष ठरली. तरणीताठी, खातीपिती, खेळणारी मुले, आणि त्यांतील शंभरांपैकी ऐंशी सदोष! ज्या मापाने पाचांतले चार नापास होतात त्या मापाबद्दल शंका यायला हवी होती. तसे झाले नाही. पुढे कित्येक दशके तिकडच्या नामांकित विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांची विवस्त्र छायाचित्रे ‘ठेवण तपासण्यासाठी’ काढली जात. बेथ लिंकर या इतिहासकार स्त्रीने २०२४ साली या साऱ्या घबराटीवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. वाकण्याची साथ आली आहे असे त्या काळच्या अमेरिकेने मानले होते. तेव्हा मोबाईल कोठे होता?

१५/
‘मोबाईलमुळे मान गेली’ या म्हणण्याला आजचे संशोधन कितपत दुजोरा देते? पश्चिम ऑस्ट्रेलियात १७ वर्षांच्या १,१०८ मुलामुलींच्या मानेची ठेवण तपासून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बसल्यावर मान पुढे काढणारे, पोक काढणारे, ताठ बसणारे असे गट पाडले गेले. या गटांचा मानदुखीशी संबंध आढळला नाही. दुखणे खोटे नसते. पण ठेवणीच्या एका छायाचित्रावरून ते ओळखता येत नाही, आणि ठेवण ‘सुधारली’ की ते जाते असेही नाही. तासन्तास एकाच स्थितीत राहिलेले शरीर दुखते, मग ती स्थिती ताठ का असेना. कवायतीच्या मैदानावर अर्धा तास सावधान उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे.

१६/
आता तिसरे विधान, पट्टा. त्याचे काम कसे चालते? तो खांद्यांना बाहेरून मागे ओढतो. जोवर अंगावर आहे तोवर खांदे मागे दिसतात, आरशात फरक दिसतो, ‘आधी-नंतर’ची छायाचित्रे खरीच असतात. शिवाय पुढे झुकल्यावर पट्टा काचतो, त्यातून आठवण होते. थरथरून इशारा देणारी यंत्रे हेच काम विजेवर करतात. पट्ट्याची खरी उपयुक्तता इतकीच : थोडा वेळ टिकणारी आठवण. मग कातडीला काच सवयीचा होतो, इशाऱ्याकडे दुर्लक्ष होऊ लागते. पट्टा काढला की शरीर ज्या कामाला आणि ज्या टेबलाला जुळलेले आहे त्याच्याकडे परत जाते.

१७/
पट्ट्याच्या विरोधकांचीही एक अतिशयोक्ती येथे खोडायला हवी. ‘पट्ट्याने स्नायू सुकतात’ असे सर्रास सांगितले जाते. कमरपट्ट्यांवरील अभ्यासांत याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. पट्टा निरुपयोगी आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याला राक्षस ठरवण्याची गरज नाही.

१८/
खांद्याच्या पट्ट्यांवर मोठे, दीर्घकाळचे अभ्यास नाहीत. कामगारांच्या कमरपट्ट्यांवर मात्र आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९४ सालीच सांगितले की धडधाकट कामगाराची पाठ पट्ट्याने वाचते असा पुरावा नाही. १९९६ साली कॅलिफोर्नियातील एका अभ्यासाने उलट चित्र दाखवले : दुकानांत पट्टा सक्तीचा केल्यावर पाठीच्या इजा सुमारे एकतृतीयांशाने घटल्या. पण तुलना त्याच कंपनीच्या आधीच्या वर्षांशी होती, आणि पट्ट्याखेरीज दुसरे काय बदलले हे त्यातून वेगळे काढता येत नव्हते. २००० साली ही उणीव भरून काढणारा मोठा अभ्यास आला. १६० दुकानांतील माल हलवणारे ९,३७७ कामगार निवडले गेले. काही दुकानांत पट्टा सक्तीचा, काहींत ऐच्छिक. दुखापतीच्या दाव्यांतही फरक नाही, पाठदुखीतही नाही. रोज बांधणाऱ्यांतही नाही.

१९/
मग पाठीचा प्रत्येक आधार फसवा का? नाही. वाढत्या वयातील मुलांचा कणा बाजूला वळतो त्या विकारात, म्हणजे स्कोलिओसिसमध्ये, कडक साचा उपयोगी पडतो. २०१३ साली अमेरिका-कॅनडातील अभ्यासात साचा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुले शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापासून दूर राहिली, न वापरणाऱ्यांपैकी ४८ टक्के. दिवसाला तेरा तासांहून अधिक वापरणाऱ्यांत यश ९० टक्क्यांवर गेले. पण यातील प्रत्येक अट पाहावी : हाडे अजून वाढत आहेत, क्ष-किरणाने कोन मोजला आहे, साचा त्या एका मुलाच्या मापाने बनवला आहे, डॉक्टर देखरेख ठेवतो आहे, आणि तो अर्धा दिवस अंगावर आहे. बाजारातील लवचिक पट्टा या यशाचे तेज उसने घेतो आणि यांतील एकही अट पाळत नाही. ज्याची पाठ झपाट्याने वाकते आहे, सकाळी तासभर आखडलेली राहते, किंवा हातापायांत मुंग्या येतात, त्याने डॉक्टर गाठावा. पट्टा अशा माणसाचे चार महिने खातो. तोटा तो खरा.

२०/
महाराष्ट्राला या प्रश्नाचे दुसरे एक उत्तर माहीत होते. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. १९३८ साली त्यांची पद्धत इंग्रजी पुस्तकरूपाने लंडनपर्यंत गेली. १९२४ साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले आणि आसनांचा शरीरावरील परिणाम यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ उभे राहिले. या चळवळीतही घबराट होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘नेटिव दुबळा आहे’ हा साहेबाचा टोमणा पुष्कळांनी मनाला लावून घेतला होता, आणि बलोपासनेच्या भाषणांत तो जागोजाग ऐकू येतो. तरी एक फरक मोठा आहे. सूर्यनमस्कारात कणा पुढेही वाकतो आणि मागेही. त्यात ताठ राहण्याचा नव्हे, हलण्याचा धडा होता, आणि तो फुकट होता.

२१/
‘पण अय्यंगार गुरुजी तर पट्टे वापरत!’ असा प्रश्न येईलच. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, आणि पट्टे, दोर, लाकडी ठोकळे यांचा आसनांत वापर ही त्यांची ख्याती. तेथे पट्टा साधकाच्या हातात असतो, पोहोचत नाही तेथवर पोहोचण्यासाठी. काम त्याच्या शरीरानेच करायचे असते, आणि तास संपला की पट्टा खुंटीला. अंगावर आवळून दिवसभर वाचत बसण्याशी याचे साम्य फक्त कापडापुरते आहे.

२२/
एवढे झाल्यावरही मूळ प्रश्न उरतो : ज्या कामाने पाठ वाकते ते काम बदलता येते का? येते. अलीकडच्या इतिहासात त्याचे लख्ख उदाहरण आहे. कॅलिफोर्नियाच्या शेतांत मेक्सिकन मजुरांना आखूड दांड्याचे कुदळे देत. दांडा इतका आखूड की कमरेतून दुमडल्याशिवाय जमिनीला टेकत नसे. स्पॅनिशमध्ये त्याला ‘एल कोर्तितो’, म्हणजे आखूडराव, म्हणत. मालक सांगत की लांब दांड्याने सॅलडची रोपे नीट विरळता येत नाहीत. मजूर सांगत की खरे कारण वेगळे : कोण काम थांबवून उभा राहिला हे मुकादमाला दुरून दिसावे. पाठी कायमच्या गेलेल्या मजुरांच्या वतीने वकील लढले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली निकाल दिला आणि त्याच वर्षी ते अवजार बंद झाले. लांब दांडे आले. सॅलड आजही पिकते. तेथे कोणी मजुरांना पट्टे वाटले असते तर आखूडराव अजून चालू असता.

२३/
अभ्यासिकेतल्या मुलाचा आखूडराव म्हणजे त्याचे टेबल. सपाट फळीवर पुस्तक पसरले की डोळ्यांना खाली यावेच लागते, आणि डोळ्यांमागोमाग मान, मानेमागोमाग खांदे. पूर्वजांकडून काही घ्यायचेच असेल तर ते येथे आहे. पोथी वाचणारा ती जमिनीवर ठेवत नसे, लाकडी व्यासपीठावर तिरपी ठेवी. मोडीत झरझर लिहिणारा कारकून एक गुडघा उभा करून त्यावर कागद घेई. पेढीवरच्या मुनिमापुढे उतरत्या झाकणाचे बुटके डेस्क असे. तिघांनीही कागद डोळ्यांकडे आणला. चार जाड पुस्तकांवर तिरपी फळी टेकवली तर तेच साधते, आणि चाळीस-पन्नास मिनिटांनी उठून पाणी प्यायला जाणे हा आळस नाही. अभ्यासिकेच्या चालकाकडे महिन्याची फी भरणाऱ्यांनी उतरती फळी आणि पाय टेकतील अशी खुर्ची मागितली, तर ती मागणी अवाजवी ठरत नाही.

२४/
फडातली गोष्ट इतकी सोपी नाही. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो : बुडख्यात साखर जास्त, आणि उंच तोडला तर खोडवा नीट फुटत नाही. कोयता आखूड. म्हणून तोडणारा दिवसभर दुमडलेला. मग मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून वाहनात रचायची. कामगार बहुधा बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून येतात. हिशेबात माणसे मोजली जात नाहीत. ‘कोयता’ मोजला जातो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अवजाराचे नाव माणसांना पडावे, यापेक्षा स्पष्ट कबुली कोणती हवी? शरीराला कामाच्या मापात बसवण्याची ही रीत कोठवर जाते हे २०१९ साली दिसले. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली.

२५/
तोडणी यंत्रे आता फडात दिसू लागली आहेत. यंत्र पाठ वाचवते आणि मजुरीही घेऊन जाते, त्यामुळे ‘यंत्र आणा’ एवढे म्हणून सुटका होत नाही. त्याआधी करता येण्यासारखे पुष्कळ आहे : लांब मुठीचे कोयते करून पाहणे, मोळीच्या वजनाला मर्यादा घालणे, वाहनात ऊस चढवण्यासाठी सरकता पट्टा वापरणे. पट्टाच हवा असेल तर तो हा. मुकादम आणि कामगार यांच्यातील व्यवहारात उचल किती, हे आकड्यानिशी लिहिलेले असते. मोळी किती किलोची असावी, याची ओळ त्यात कोठे असते, हे पुढच्या हंगामाआधी कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत विचारावे. निरवांगीच्या परिसरात असे सभासद घरोघरी आहेत, आणि हा धागा वाचणाऱ्यांपैकी कित्येकांचे वडील त्यांत असतील.